एका जखमेत मावणारा माणूस

मोठ्या खर्चाचा चित्रपट पाहताना एक क्षण मला अलीकडे आधीच दिसू लागतो. नायक किंवा खलनायक एकटा उभा असतो, संगीत मंदावते, रंग फिके पडतात आणि सात-आठ वर्षांचे एक मूल दाराच्या फटीतून काहीतरी भयंकर पाहत असते. दोन मिनिटांत आपण वर्तमानात परततो आणि त्या माणसाविषयी जाणण्यासारखे सारे जाणून झाले, असे गृहीत धरून कथा पुढे धावू लागते. बालपणीच्या आघाताचा हा वापर मला दिवसेंदिवस अधिक अस्वस्थ करतो.

ही युक्ती मुळात वाईट नव्हती. बॅटमॅन एका चित्रकथा मासिकाच्या मे १९३९च्या अंकात पहिल्यांदा अवतरला तेव्हा त्याला भूतकाळच नव्हता; आईवडिलांच्या खुनाची हकीकत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली आणि तिला अवघी दोन पाने पुरली. तीच गल्ली आणि तीच पिस्तुलाची गोळी पुढे १९८९, २००५, २०१६ आणि २०१९च्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा दाखवली गेली. २०२२च्या चित्रपटाने तो प्रसंग दाखवलाच नाही आणि तरीही नायकाचे दुःख प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. ‘जंजीर’मध्ये (१९७३) कपाटात लपलेल्या मुलाने मारेकऱ्याच्या मनगटावरच्या साखळीत पाहिलेला पांढरा घोडा मोठेपणीही त्याच्या स्वप्नात येत राहतो. तिथे भूतकाळ कशाचे उत्तर देत नाही, तो माणसाला झोपू देत नाही, आणि म्हणून तो खरा वाटतो.

बिघाड झाला तो जखम हे उत्तर बनले तेव्हा. १९७८च्या ‘हॅलोवीन’मध्ये सहा वर्षांचा मुलगा बहिणीचा खून करतो आणि हातात सुरी घेऊन घरासमोर उभा राहतो, तेवढ्यात आलेले आईवडील तुमच्याआमच्यासारखेच दिसतात. अंगावर काटा येतो तो या साधेपणामुळे. २००७च्या नव्या आवृत्तीने त्याच मुलाला शिवीगाळ करणारे घर आणि छळणारे शाळासोबती दिले, आणि इतकी कारणे मिळाल्यावर भीतीला जागाच उरली नाही. जेम्स बाँड १९६२पासून पडद्यावर आहे. त्याच्या अनाथपणाचा उल्लेख अधूनमधून येत असे, पण कथेचा डोलारा त्यावर सहसा उभा नसे. २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये मात्र जगभर पसरलेल्या गुन्हेगारी जाळ्याच्या मुळाशी, वडिलांनी अनाथ बाँडला जवळ केले म्हणून जळणारा एक मुलगा निघाला. एवढे मोठे जग आकसून एका घरातल्या हेव्याएवढे झाले.

‘द डार्क नाइट’मधला (२००८) बॅटमॅनचा शत्रू जोकर आपल्या चेहऱ्यावरच्या व्रणांची कहाणी एकदा दारुड्या बापाची म्हणून सांगतो, तर दुसऱ्यांदा बायकोसाठी स्वतःच करून घेतलेल्या इजेची म्हणून. दोन्ही कहाण्या खऱ्या असू शकत नाहीत, हे उमगले की आपली स्पष्टीकरणाची भूकच उघडी पडते. पुढे २०१९मध्ये त्याच पात्राला बालपणीच्या छळाची नोंद असलेली रुग्णालयाची फाइल मिळाली. तो अभिनय मला मोलाचा वाटतो, तरी फाइल उघडल्याक्षणी तो माणूस माझ्यासाठी लहान झाला.

पण माझी खरी तक्रार कलेपलीकडची आहे. माझी एक मैत्रीण दारू पिणाऱ्या वडिलांच्या घरात वाढली. तिच्याकडे सांगण्यासारखा एकही भयंकर प्रसंग नाही. जिन्यावरच्या पावलांवरून आज वडिलांचा नूर कसा असेल हे ओळखण्याची सवय मात्र आहे, आणि चाळिशी उलटल्यावरही कुणी दार जरा जोरात लावले की तिचे बोलणे अर्ध्यावर थांबते. आघात बहुधा असाच राहतो, रोजच्या बारीकसारीक गोष्टींत विखुरलेला. एका फ्लॅशबॅकमध्ये तो मावत नाही आणि अखेरच्या मारामारीत सुटत तर नाहीच. जिला सूड घ्यायचा नाही आणि जग वाचवायचेही नाही, अशा मुलीसाठी या चित्रपटांत जागा कुठे आहे?

हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, कौटुंबिक कलह, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले मोठेपणी समर्थ आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा आजीआजोबा, शिक्षक किंवा शेजारी असे एखादे भरवशाचे माणूस होते. हे माणूस पटकथेतून नेमके गळते, कारण त्याच्या असण्याला वेळ द्यावा लागतो आणि गोळीचा आवाज क्षणात काम भागवतो.

वेळ दिला तर काय साधते, हे १९८२च्या ‘ई.टी.’मध्ये दिसते, आणि तोही गल्ला गाजवलेलाच चित्रपट. वडील घर सोडून गेले आहेत, पण ते जाताना आपल्याला दाखवले जात नाहीत. गॅरेजमध्ये दोघा भावांना त्यांचा जुना शर्ट सापडतो, ते तो हुंगतात आणि हा वास नेमका कुठल्या लोशनचा यावर त्यांचे एकमत होत नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा आपल्या कामाला लागतात.