तुम्ही विचारलंत म्हणून: लोहचुंबक चिकटतं का?

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी या तिघांना ‘एमओएफ’साठी, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्यांसाठी, मिळालं, तेव्हापासून बेळगावात वडगावच्या आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न येतो. “तू धातूची पावडर करायलास म्हणे. मग लोहचुंबक चिकटतंय काय तिला?”

नाही चिकटत.

एमओएफ समजायला गणपतीचा मांडव आठवा. बांबू म्हणजे सेंद्रिय रेणू, सुतळीच्या गाठी म्हणजे धातू, मधली सगळी जागा मोकळी. वायू साठवायला, पाणी धरायला हवी असते ती हीच जागा. पण चुंबक व्हायचं तर एका गाठीतल्या सुट्या इलेक्ट्रॉनांना दुसऱ्या गाठीची चाहूल लागावी लागते. बांबू जितका लांब, तितकी चाहूल कमी. जागा वाढवली की चुंबकत्व विरतं, असं हे भांडण आहे.

1999 साली निघालेल्या एचकेयूएसटी-1 या एमओएफमध्ये तांब्याचे अणू जोडीजोडीने बसतात, अंतर जेमतेम 2.6 अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). एवढे जवळ असूनही दोघांची तोंडं उलट्या दिशांना, एकाचं चुंबकत्व दुसरा खाऊन टाकतो. (भावकीत असतंच हे.) रंग मात्र बघत राहावा असा. ओलसर असताना आकाशी, तापवून पाणी घालवलं की गडद जांभळट निळा. आमच्याकडच्या पावसाळ्यात बाटलीचं बूच उघडं राहिलं, की निळाई आकाशी व्हायला लागलीच म्हणून समजा.

मी त्याच बांबूवर, म्हणजे ट्रायमेसिक आम्लावर, टर्बियम या धातूची गाठ मारतो. टर्बियमकडे सहा सुटे इलेक्ट्रॉन, म्हणजे चुंबकत्वाची श्रीमंतीच. पण ते अणूच्या आतल्या खोलीत राहणारे, शेजाऱ्याशी बोलणं जवळपास नाही. या माणूसघाणेपणामुळेच त्यांचा प्रकाश मात्र स्वच्छ, 545 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास ठळक हिरवा. अतिनील किरण त्यांना स्वतःला धड शोषता येत नाहीत. ते बांबू शोषतो आणि ऊर्जा गाठीपर्यंत पोचवतो.

हे मामांना दाखवायला गणपत गल्लीतल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात कुपी घेऊन गेलो. नोटा तपासायचा दिवा गल्ल्याशेजारीच होता. पाचशेची नोट चमकली, माझी पावडर ढिम्म. गिऱ्हाइकांदेखत मामा म्हणाले, “एवढी वर्षं हेच करायलास?”

चूक माझीच. असले अतिनील दिवे साधारण 365 नॅनोमीटरचे असतात आणि माझ्या बांबूला तो प्रकाश पचत नाही. त्याला 254 लागतो. त्यातून साधी काच 254 अडवते, म्हणजे कुपीतून काही दिसलंच नसतं.

पुढच्या रविवारी योग्य दिवा नेला, मामांच्या डोळ्यांना चष्मा लावला, पावडर स्टीलच्या ताटलीत ओतली आणि शटर अर्धं ओढलं. ताटली हिरवीगार पेटली. मामा बराच वेळ बघत राहिले. मग ड्रॉवरमधून जुन्या स्पीकरचं चुंबक काढून त्यांनी ताटलीवर धरलं.

“चिकटंना की रे.”

“नाही चिकटत, मामा.”

“आणि उजेड?”

उजेड तसाच होता.