एच-४ वरून एफ-१ : व्हाया कोल्हापूर

गेल्या काही महिन्यांत कोल्हापूर-सांगलीकडच्या चार-पाच जणींनी मला हेच विचारलं की अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीवरच्या डिपेंडंट व्हिसावर (एच-४) असताना स्टुडंट स्टेटस (एफ-१) कसं घ्यायचं, तिकडेच फॉर्म भरायचा का भारतात येऊन पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारून घ्यायचा, म्हणून एकदाच नीट लिहिते. माझा प्रवास २०२४ चा आहे, फीचे आकडे तेव्हाचे.

आधी हे सांगते की एच-४ वर शिकता येतं, फुल टाइम सुद्धा. स्टेटस बदलल्याशिवाय कॉलेजला जाता येत नाही असं मी पण दोन वर्षं समजून बसले होते. मग बदललं का, तर माझ्या फूड सायन्सच्या एम.एस. मध्ये इंटर्नशिप कंपलसरी होती आणि ती पगारी करायची तर सीपीटी (शिकता शिकता काम करायची परवानगी) लागतं, नंतर १२ महिन्यांचं ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी), कोर्स स्टेममधला (विज्ञान-तंत्रज्ञानाचा) असेल तर अजून २४ महिने, हे सगळं फक्त एफ-१ वाल्यांना. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी भरते तो अर्ज) मंजूर झालेलं नव्हतं त्यामुळे एच-४ ईएडी (एच-४ वर काम करायची परवानगी) मला मिळणारच नव्हतं. तुमच्याकडे ते ईएडी असेल तर मात्र घाई करू नका, एफ-१ झालात की ते चालत नाही.

रस्ते दोन. एक म्हणजे अमेरिकेतच बसून आय-५३९ हा स्टेटस बदलायचा अर्ज भरायचा (तेव्हा ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर ४७०), जास्तीची फी भरून प्रीमियम केलं तर ३० दिवसांत निकाल. दुसरा म्हणजे बाहेर जाऊन एफ-१ व्हिसा घ्यायचा आणि त्यावर परत आत यायचं. इथे सगळ्यांचा घोळ होतो तो स्टेटस आणि व्हिसाचा. आय-५३९ नं स्टेटस बदलतं, पासपोर्टवर शिक्का येत नाही, म्हणजे पुढं कधी भारतात आलात की परत येताना कॉन्सुलेटला जावंच लागतं. आणि अर्ज पेंडिंग असताना देश सोडला तर तो सोडून दिला असं धरतात. आमच्याकडे जूनमध्ये धाकट्या भावाचं लग्न होतं, यायचं तर होतंच, मग एकाच फेरीत दोन्ही कामं करू म्हटलं. असं ठरवलंत तर कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी) स्पष्ट सांगा की आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं तो फॉर्म) 'इनिशियल अटेंडन्स'चा पाहिजे, 'चेंज ऑफ स्टेटस'चा नको. मी आधी दुसराच मागितला होता, तो बदलून घेण्यात आठवडा गेला.

वकिलांनी अजून एक धीर दिला होता, तो म्हणजे माझा एच-४ चा शिक्का चालू होता, एफ-१ नाकारला तरी त्यावर परतून कॉलेज सुरू करता आलं असतं. तुमचा शिक्का संपलेला असेल तर हे गणित आधी मांडा, मगच तिकीट काढा.

आता कोल्हापूर. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि मी माजघरात चटईवर सगळे कागद मांडले. आई म्हणाली, "काय गं, कालिजात जायला एवढी कागदं लागत्यात व्हय?" भाऊ फूटपट्टी घेऊन बसला आणि पासपोर्ट शेजारी आय-२० ठेवून एकेक अक्षर वाचायला लागला, आणि तिसऱ्या ओळीलाच थांबला. आय-२० वर माझं माहेरचं आडनाव! मार्कशीट, डिग्री सगळी लग्नाआधीची, कॉलेजनं तीच बघून नाव टाकलेलं, आणि पासपोर्टवर मी नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावलेलं. महिनाभर ती पीडीएफ माझ्या फोनमध्ये होती तरी मला दिसलं नव्हतं, पोटात गोळाच आला. त्याच रात्री डीएसओला पासपोर्टचा स्कॅन आणि मॅरेज सर्टिफिकेट पाठवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त आय-२० ईमेलनं आला. सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीची सरकारी सिस्टीम) नंबर तोच राहिला म्हणून ३५० डॉलरची फी परत भरावी लागली नाही. आपल्याकडच्या लग्न झालेल्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पासपोर्ट, आय-२०, सेविसची पावती आणि डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) या चारही ठिकाणी नाव अक्षराला अक्षर लावून बघा, आणि मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी डिग्रीला टाचून ठेवा.

शिवाजी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट लागणार असतील तर ते काम सगळ्यात आधी सुरू करा, माझ्या परीक्षा विभागात तीन चकरा झाल्या. पैशाच्या कागदांत नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि आण्णांची एफडी, एवढंच. इथला एक एजंट म्हणाला ताई खात्यात आठ दिवस पैसे फिरवून देतो, बॅलन्स मोठा दिसंल. मी नाही म्हटलं, तुम्ही पण म्हणा, तिथं खोटं सापडलं तर या व्हिसापुरतं राहत नाही, पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

व्हिसाची फी १८५ डॉलर. स्लॉट मिळाला बायोमेट्रिकला (बोटांचे ठसे, फोटो) २८ जून आणि इंटरव्ह्यूला १ जुलै, मुंबई. २६ जूनला शाहू जयंती, त्या वर्षी तर राजर्षींच्या जन्माला १५० वर्षं झालेली. दसरा चौकात पुतळ्याला नमस्कार केला, ज्या राजानं पोरांनी शिकावं म्हणून गावात बोर्डिंगं काढली त्याच्या पायाशी शिकायला निघताना उभं राहायला मिळालं याचं मला फार वाटलं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघाले. पावसाळ्यात गाडी लेट होते, त्यामुळे सकाळी उतरून त्याच दिवशी अपॉइंटमेंट असं अजिबात करू नका, एक दिवस हातात ठेवा. मी ठाण्याला मावशीकडे राहिले. दोन्ही कामं बीकेसीतच. कॉन्सुलेटमध्ये मोबाईल, बॅग, स्मार्टवॉच काहीच नेता येत नाही आणि ते ठेवायची सोय पण नाही, म्हणून सोबत कोणीतरी न्या. भाऊ बाहेर पावसात माझा फोन धरून दीड तास उभा होता.

इंटरव्ह्यू चार मिनिटांचा असेल. पहिलाच प्रश्न, एच-४ आहे तर त्यावरच शिका की, एफ-१ कशाला? मी खरं तेच सांगितलं, इंटर्नशिप कंपलसरी आहे आणि एच-४ वर ती पगारी करता येत नाही. मग पुढं काय करणार? आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, आजोबांपासूनचं. कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण गूळ बाहेर पाठवायचा तर तपासणीचे रिपोर्ट लागतात आणि लहान गुऱ्हाळवाल्याला ते परवडत नाही, मला शिकून आल्यावर तीच लॅब टाकायची आहे. ऑफिसरनं विचारलं, गुळात नेमकं काय तपासता? मी ओलावा, सुक्रोज, सल्फर डायऑक्साइड असं सांगत गेले आणि त्याचं टायपिंग सुरू झालं. फाईलमधला एकही कागद मागितला नाही, पासपोर्ट ठेवून घेतला. नवरा तिकडे असताना एफ-१ मागणाऱ्याला हा परतायचा प्रश्न येणारच, कारण परत यायचा इरादा आहे हे दाखवायचं ओझं आपल्यावर असतं. तर पाठ केलेलं बोलू नका, आपलं जे खरं आहे ते दोन वाक्यांत सांगता येईल इतकं स्वतःशी स्पष्ट करून जा. पासपोर्ट आठवड्याभरात आला, तेव्हा चालायचं म्हणून माझ्या वतीनं भावानं ऑथोरिटी लेटर आणि ओळखपत्र दाखवून घेतला.

आता तारखांचं, कारण माझी सगळ्यात जास्त ओढाताण इथेच झाली. माझा कोर्स १९ ऑगस्टला सुरू, आणि एफ-१ वर पहिल्यांदा जाताना ३० दिवस आधीच आत जाता येतं, म्हणजे २० जुलैच्या आधी नाही. ही तारीख आय-२० वर छापलेली असते. सासरचे म्हणत होते व्हिसा आलाय तर जा की लवकर, पण जाता येत नाही. आणि जुलैची शेवटची दहा दिवसं म्हणजे आपल्याकडे पंचगंगेच्या पुराचे दिवस. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे आपल्याला पाठच आहे, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद झालेला. माझं विमान २४ ला मुंबईहून होतं, पण पाणी रोज चढायला लागलं तसं आण्णा म्हणाले, "तू आजच हल, हितं अडकलीस तर काय करायचं?" म्हणून २१ लाच निघाले. कोल्हापूरकरांनो, जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर हे तीन-चार दिवस प्लॅनमध्येच धरा.

शिकागोला विमानतळावर पासपोर्ट देताना आय-२० सोबत हातात ठेवला, चेक-इन बॅगेत टाकू नका. माझ्या पासपोर्टवर दोन्ही व्हिसा होते. ऑफिसरनं पानं उलटताना एच-४ वर बोट ठेवलं आणि विचारलं, नवऱ्याकडे चाललात? मी म्हटलं, मी एफ-१ वर एंट्री मागतेय, हा आय-२०. हे बोलणं गरजेचं होतं, कारण तुम्ही कुठल्या स्टेटसवर आत आलात तेच धरलं जातं. सोबत माझी मुलगी होती, ती तिच्या एच-४ वरच आली, तिचं नवऱ्याच्या स्टेटसवर चालू राहतं.

घरी पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी सीबीपीच्या (विमानतळावर पासपोर्ट तपासणारं खातं) वेबसाईटवर आय-९४ (कुठल्या स्टेटसवर आत आलात त्याची नोंद) काढा. काही चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यायला सोपं जातं. आणि कॉलेजला जाऊन डीएसओकडे चेक-इन करा, त्यांना सेविसमध्ये तुमची नोंद कोर्स सुरू झाल्यापासून ३० दिवसांत करावी लागते.

माझ्यानंतर बदललेलं एक सांगते, जून २०२५ पासून एफ व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात. डीएस-१६० मध्ये मागच्या ५ वर्षांतली सगळी हँडल विचारतात, जुनी विसरलेली पण आठवून लिहा.

माझ्या आय-९४ वर क्लास ऑफ अॅडमिशनपुढं एफ-१ आलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट आण्णांना पाठवला, तिकडे पहाट होती, तरी दोन मिनिटांत त्यांचा फोन आला, पाणी ओसरायला लागलंय म्हणाले, आणि लॅबसाठी गुऱ्हाळामागची खोली बघून ठेवलीय.