सेन्सरवरची चिकटपट्टी

इमारतीत दिव्यांची स्वयंचलित नियंत्रणं बसवून बराच काळ लोटला होता, तरी विजेचं बिल जागचं हललं नव्हतं. यंत्रणा ठेवायची की काढून टाकायची, एवढंच सांगायला मला बोलावलं होतं. भर दुपारी पोचलो. खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं आणि खिडकीलगतच्या रांगेतले सगळे दिवे पूर्ण तेजाने जळत होते. शिडी लावून वर पाहिलं, तर प्रकाश मोजणाऱ्या प्रत्येक सेन्सरच्या भिंगावर काळी चिकटपट्टी. घाईघाईत फासलेली नव्हे, कडा नीट कापून लावलेली.

डोळा झाकलेल्या सेन्सरला कायम अंधारच दिसतो, म्हणून तो दिवे पूर्ण चालू ठेवतो. पॅनेल उघडलं तर हालचाल ओळखणारे सेन्सरही वगळलेले होते, स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर. म्हणजे रिकाम्या मजल्यावर रात्रभर उजेड.

पट्ट्या कुणी लावल्या, हे विचारताना मी आवाजात दरारा येऊ दिला नाही, कारण मला उत्तर हवं होतं, गुन्हेगार नको होता. हिशेब विभागातल्या एक बाई उठून म्हणाल्या, "मी लावल्या. ढग आला की दिवे वर, ढग गेला की खाली. आकडे बघताना डोळे दुखायला लागायचे. तक्रार केली, तर 'सवय होईल' म्हणाले."

एक पट्टी काढली आणि उजेड मोजणारा लक्समीटर त्यांच्या टेबलावर ठेवला. कार्यालयीन कामाला साधारण ५०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) धरतात; इथे ३०० सुद्धा भरेनात. कारण लगेच कळलं. सेन्सर छतावरून खाली बघतो, टेबलावरून परतलेला प्रकाश मोजतो. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे किती परतलेला प्रकाश पुरेसा मानायचा याची जुळणी, झालं तेव्हा खाली गडद गालिचा होता, नंतर पांढरी टेबलं आली. परतणारा प्रकाश वाढला, सेन्सरला वाटलं उजेड भरपूर आहे, आणि त्याने दिवे गरजेपेक्षा जास्त मंद केले. बाईंचे डोळे खरं सांगत होते.

हालचालीच्या सेन्सरची गोष्ट मला जास्त लागली. हा सेन्सर माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून हालचाल ओळखतो, आणि ती किरणं साध्या काचेतून पलीकडे जात नाहीत. ड्रॉइंगमध्ये मोकळा हॉल होता, सेन्सर अगदी योग्य जागी होते. पुढे त्याच हॉलमध्ये काचेच्या केबिन उभ्या राहिल्या. आत बसलेला माणूस बाहेरच्या सेन्सरपुरता अस्तित्वातच नव्हता! बैठक रंगात आली की अंधार. त्यात दिवे बंद होण्याआधीचा अवधी सर्वांत कमी ठेवलेला. मान खाली घालून लिहिणाऱ्याची हालचाल ती किती असणार?

मग कामाला लागलो. सेन्सरचं कॅलिब्रेशन पांढऱ्या टेबलांसह पुन्हा केलं, उजेडातला बदल इतका संथ ठेवला की ढग सरकल्याचं टेबलावर जाणवू नये. इथे डोळ्याचा एक गुण मदतीला येतो: प्रकाश पाव झाला तरी डोळ्याला तो निम्म्याच्या आसपास वाटतो, तेव्हा हळूहळू केलेली घट खुपत नाही. बंद होण्याचा अवधी १५ मिनिटांवर नेला. प्रत्येक केबिनला स्वतंत्र सेन्सर सुचवला, तोही असा की दिवा माणसाने हाताने लावायचा आणि विझवायचं काम तेवढं सेन्सरने करायचं. दिवसा खिडकीचा उजेड पुरत असेल तर बरेच जण बटणाला हातच लावत नाहीत. स्वयंचलित चालू करण्याने ही बचत हातची जाते. म्हणून मी ही पद्धत जिथे जमेल तिथे आग्रहाने सुचवतो.

बाईंना त्यांच्या जागी बसवून लक्समीटर दाखवत दाखवत पातळी ठरवली. त्या "आता बरं आहे" म्हणाल्या, तेव्हाच ती कायम केली. उरलेल्या पट्ट्या त्यांनीच काढायला लावल्या.

अहवालात यंत्रणा ठेवा असं लिहिलं आणि खाली एक अट घातली: भिंत, केबिन किंवा फर्निचर बदललं की त्या भागातल्या सेन्सरची तपासणी पुन्हा करायची. केलेल्या सगळ्या सेटिंगचा तक्ता पॅनेलच्या दाराला आतून लावून मी निघालो.