अर्ध्या मीटरवरून

हॉर्न्सबी, सिडनी
शनिवार, रात्री अकरा

आज फनेल-वेब पाहिला, इथला जहाल विषारी कोळी. नर. शेजारच्या बाईंच्या पोहण्याच्या तलावात पडला होता. दोन दिवस पावसाची झड लागली होती. फेब्रुवारीतल्या अशा ओल्या रात्री हे नर मादीच्या शोधात बिळं सोडून भटकतात आणि भटकता भटकता पाण्यात पडतात. सकाळी भाचा धावत आला, "आत्या, बूट घाल, झटकून घाल, आणि कॅमेरा घे." नऊ वर्षांच्या पोरानं बुटांचं आधी सांगितलं, कॅमेऱ्याचं मागून. इथंच वाढलेलं पोर ते.

तलावाच्या तळाशी नुसता एक काळा ठिपका दिसत होता. मला वाटलं, मेला. बाई म्हणाल्या, "थांबा जरा." याच्या अंगावरच्या लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तेवढ्या हवेवर तो पाण्याखाली दिवसभरसुद्धा तग धरतो. त्यांनी लांब दांड्याच्या जाळीनं त्याला अलगद उचललं आणि पांढऱ्या बादलीत सोडलं. मिनिटभर तो पाय आखडून पडून राहिला. मग एक पाय हलला. मग दुसरा. मग एकदम आठही पायांवर उभा राहिला, आणि मी नकळत एक पाऊल मागं आले. बादली घेण्यामागं कारण आहे. गुळगुळीत प्लास्टिकवर या कोळ्याला चढता येत नाही, आणि तो उडीही मारत नाही. बाई कितीतरी वर्षं असे नर बरणीत भरून देत आल्या आहेत, त्यांचा हात बसलेला आहे. मी जाळीला हात लावला नाही.

पुढचं लिहिण्याआधी सामानाचं लिहायला हवं, कारण गेले आठ दिवस माझ्या डोक्यात तेच होतं. ठाण्याहून निघताना दोन रात्री मी वजनकाट्यापुढं बसून काढल्या. हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. कॅमेऱ्याची बॉडी, १०५ चा मॅक्रो म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र घेणारी लेन्स, लांबचं टिपायची ७०-३०० ची झूम लेन्स, फ्लॅश, केबल. सुट्या बॅटऱ्या तर हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, लिथियमच्या बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत. ट्रायपॉड मोठ्या बॅगेत टाकला. त्याच्या पायांना ठाण्याजवळच्या येऊरच्या रानातली लाल माती सुकून चिकटली होती, ती जुन्या टूथब्रशनं घासून काढली. इथं बाहेरची माती आणि बी-बियाणं यांची तपासणी फार कडक असते. कॅमेरा टेकवायची बीनबॅगही रिकामीच आणली. ताडोब्याला जाताना आपण तिच्यात खुशाल तांदूळ भरतो, पण असली भरलेली पिशवी घेऊन इथं उतरणं म्हणजे आपणहून पंचाईत ओढवून घेणं. रिकामी आणली आणि वहिनीच्या डब्यातले दोन किलो तांदूळ भरले. जाताना तेच तांदूळ परत डब्यात जातील.

एवढं करूनही काल संध्याकाळी दादाचा मित्र बॅग उचलून बघत म्हणाला, "एवढं सगळं कशाला आणलंयसा ताई?" तो मूळचा कोल्हापूरचा. वीस वर्षं इथं आहे, पण बोलणं अजून रंकाळ्यावरचं. दर शनिवारी कॅमेरा घेऊन बाईंकडे येतो, दोघं मिळून मागच्या रानात फिरतात. माझ्या १०५ च्या मॅक्रोवर मला फार भरवसा होता. मी त्याला म्हटलं, कोळी टिपायचा तर याच्याशिवाय गत्यंतर नाही. त्यावर त्यानं विचारलं, "कुठला कोळी?"

मी त्या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. मॅक्रोनं पूर्ण मोठं चित्र घ्यायचं तर लेन्सचं तोंड कोळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर न्यावं लागतं, आणि फोकस जुळवताना आपण आणखी पुढं सरकतो. बाईंकडे ऑलिंपसचा छोटा टीजी-६ आहे, खिशात मावणारा. त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये तर एक सेंटीमीटरवरून फोकस होतो. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी त्याच्यावर पीकॉक स्पायडर टिपलाय. तांदळाच्या दाण्याहून लहान, चार-पाच मिलिमीटरचा नर, पाठीवरचा निळा-केशरी पिसारा उभारून मादीपुढं नाचणारा. तो फोटो बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कोळ्याच्या एक सेंटीमीटर जवळ जायला काहीच हरकत नाही. फनेल-वेबच्या जाऊ नये. म्हणजे लेन्स कुठली, हे कोळी ठरवतो. मी मात्र ते ठाण्यात बसून वजनकाट्यावर ठरवत होते.

आज बादलीपाशी कोल्हापूरकरानं खिशातून एक काच काढली. क्लोज-अप लेन्स, फिल्टरसारखी पुढं फिरवून बसवायची, नंबर अधिक दोन. अक्षरशः चष्म्याचा नंबर. माझ्या वाचायच्या चष्म्याचाही तोच आहे. अधिक दोनची काच लावली आणि लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबवर, ठेवला की लेन्सपुढं बरोबर अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, मागं कुठलीही लेन्स असो. ७०-३०० पूर्ण ताणली तर तीनशेला पाचशे मिलिमीटरनं भागायचं, सेन्सरवरचं चित्र वस्तूच्या ०.६ पट. माझ्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा सेंटीमीटरची जागा चौकटीत भरते. पाय पसरलेला नर तेवढ्यात नीट बसतो. एवढीशी काच, आणि मी मात्र किलोभर वजनाच्या हिशेबानं झोप घालवली होती.

पहिले दहा-बारा फोटो वाया गेले. याचं डोकं-छातीचं कवच बुटाला नुकतं पॉलिश केल्यासारखं चकचकीत काळं असतं. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग. अर्ध्या मीटरवरून माझा डिफ्युझर, फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा, त्या कोळ्याच्या मानानं अगदीच चिमुकला पडत होता. वहिनी दोरीवरची पांढरी ओढणी घेऊन आली. कोल्हापूरकरानं आणि तिनं ती बादलीवर दोन बाजूंनी ताणून धरली, मधे लेन्सपुरती फट ठेवली, आणि केबलवरचा फ्लॅश मी ओढणीच्या वरून मारला. एफ ११, पांढऱ्या बादलीमुळं एक्स्पोजर एक घर वर. स्क्रीनवर चित्र आलं तेव्हा कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या जोडीच्या पायांवर आतल्या बाजूनं एक अणकुचीदार आर होती. मादीजवळ जाताना तिचे दात दूर ठेवायला नर ती वापरतो. पोटाचा रंग अगदी काळा नाही, पिकलेल्या जांभळासारखा, आणि त्यावर बारीक मखमली लव, पाण्यानं अजून चिकटलेली. सावली पडली तसा त्यानं पुढचा भाग उचलला, पुढचे पाय वर केले आणि दात उघडले. घरातल्या कोळ्याचे दात चिमट्यासारखे आडवे मिटतात. याचे दोन्ही खाली वळलेले, कुदळीसारखे. डाव्या दाताच्या टोकाला एक थेंब आला. स्वच्छ पाण्यासारखा, थरथरणारा. मी शटर दाबायची विसरले. नुसती बघत राहिले. तो थेंब पडला नाही. थोड्या वेळानं त्यानं पाय खाली घेतले आणि बादलीच्या कडेनं चालू लागला.

मग ओट्यावर बसून चहा घेतला. बाई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी नोकरी सुरू केली तेव्हा याच्यावर औषधच नव्हतं. श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं. या विषानं नसांमधली सोडियमची दारं उघडी पडली की नीट मिटत नाहीत, नस सतत पेटलेली राहते. तोंडातून लाळ, स्नायू उडणं, रक्तदाब वरखाली. नराचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल. विचित्र गोष्ट अशी की कुत्र्या-मांजरांना, सशांना त्याचं फारसं काही होत नाही. माणसाला आणि माकडांना मात्र होतं. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये डॉ. स्ट्रुअन सदरलंड यांनी याच सशांचा उपयोग केला. सशांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. १९८१ साली ते वापरात आलं. त्याआधी १३ मृत्यूंची नोंद होती. त्यानंतर एकही नाही. बाईंनी हे सांगताना कप खाली ठेवला. म्हणाल्या, "एकही नाही. पुन्हा सांगते, एकही नाही."

अजूनही ते प्रतिविष अशा नरांच्याच विषापासून बनतं. म्हणून कुणी मारत नाही, बरणीत भरून देतात. सॉमर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये काचेच्या नळीनं दाताच्या टोकावरचा तो थेंब ओढून घेतात. सकाळी मी ज्याच्याकडे बघत राहिले, तोच. भाच्यानं लगेच पट्टी आणून बरणीला बाहेरून लावली, कारण २०२४ च्या जानेवारीत तिथं ७.९ सेंटीमीटरचा नर आला होता, हर्क्युलिस नावाचा. आपला पाच भरला. भाचा थोडा हिरमुसला.

उपचाराचं बाईंनी दोनदा सांगितलं ते इथं लिहून ठेवते. फनेल-वेब चावला तर दंशावरून घट्ट पट्टी बांधायची, मग अख्ख्या हाताला किंवा पायाला गुंडाळायची, फळी लावून अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, ००० ला फोन. रेडबॅक या इथल्या दुसऱ्या विषारी कोळ्याला नेमकं उलटं. पट्टी नाही, बर्फ. त्याचं विष हळू चढतं आणि पट्टीनं वेदना वाढते. दोन्ही काळे, दोन्ही एकाच परसात. मादी रेडबॅक मी बुधवारीच खुर्चीखाली पाहिली होती, पाठीवर कुंकवाचं बोट ओढल्यासारखा लाल पट्टा.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात कोळ्यांना? मी सांगितलं, आमच्याकडे अंगावर फोडांचा चट्टा उठला की 'कोळी मुतला' म्हणतात. माझी आजी शपथेवर सांगायची. खरं तर ती बहुतेक वेळा नागीण असते, नाहीतर पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एखादा किडा अंगावर चिरडलेला असतो. कोळ्याचा काही संबंध नाही, पण बोल मात्र त्याला लागतो. आणि मग मी त्यांना ठाण्याच्या कोळ्याचं सांगितलं. आमच्या ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ साली इसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं, उडी मारणारा अगदी छोटा कोळी. तुकाराम ओंबळे कोण, ते सांगताना माझा आवाज बदलला असावा. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात फक्त काठी, आणि छातीशी कवटाळून धरलेली रायफलची नळी. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या कोळ्याचा फोटो आहे तुमच्याकडे?" नाही. माझ्याकडे नाही. येऊरला मी इतकी वर्षं जाते, बिबट्याच्या पाऊलखुणांमागं जाते, पण पानांच्या पाठी उलटून बघत नाही.

त्याच्यासाठी मात्र १०५ चा मॅक्रोच लागेल. वीतभर अंतर, आणि जवळ गेलेलं चालेल.

रविवार, दुपार

पार्कमध्ये जाऊन आलो. मोटरवेनं पाऊण तास. बरणी झाकणाला भोकं पाडून, आत ओलसर कापूस घालून, टॉवेलमध्ये गुंडाळून बाईंच्या पायांशी ठेवली होती. दादानं एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. खिडकीतल्या मुलीनं बरणी उजेडात धरली, दुसऱ्या पायावरची आर बघितली आणि सापडल्याची जागा आणि तारीख लिहून घेतली. भाच्यानं तिला लांबीही सांगितली, तीही तिनं लिहिली.

क्लोज-अपची काच कोल्हापूरकर परत घेईना. "ठाण्याला न्या, ताई. पण त्या तुकारामाचा फोटो पहिला मला धाडायचा." मऊ फडक्यात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.

घरी आल्यावर बाईंनी दुसरी बरणी धुतली आणि तलावाकाठच्या फळीवर जाळीशेजारी उपडी घातली. पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे.