दोनशे फुटांच्या आत: झोनिंग बोर्डापुढचा माझा अनुभव

न्यू जर्सीत झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याच्या नियमांत, न बसणारं काही बांधायचं असेल, तर दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक घरमालकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर ज्येष्ठांसाठी असिस्टेड लिव्हिंगची, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासाची, तीन मजली इमारत येणार, हे आम्हाला अशा सर्टिफाइड मेलनेच कळलं. जागा स्वतंत्र घरांच्या झोनमधली. त्यामुळे प्रकरण प्लॅनिंग बोर्डाऐवजी झोनिंग बोर्डाकडे गेलं. यूझ व्हेरियन्स, म्हणजे झोनमध्ये न बसणाऱ्या वापराची खास परवानगी, तेच देतं आणि त्यासाठी सातपैकी पाच मतं लागतात. चार-तीनने काम होत नाही.

आमच्या गल्लीत लगेच सह्यांची मोहीम निघाली. पलीकडच्या घरातले काका मला म्हणाले, "अगं, तुझी एकटीचीच सही राहिलीय."

"काका, सही देते, पण बोर्ड त्या कागदाला फारशी किंमत देत नाही. बोलायचं तर तुम्हालाच यावं लागेल."

तेच खरं होतं. ही सुनावणी जवळजवळ कोर्टासारखी चालते. साक्षीदार शपथ घेतात, त्यांची उलटतपासणी होते. सही करून घरी बसलेल्या माणसाला प्रश्न कोण आणि कसा विचारणार?

नकाशे सुनावणीआधी दहा दिवस टाउनशिपच्या ऑफिसात बघायला ठेवावेच लागतात. मी जाऊन बघितले. इमारतीची रंगीत चित्रं देखणी असतातच, त्यांत वेळ घालवू नये. ड्रेनेज, दिवे आणि झाडांच्या शीट्स बघाव्यात. तिथे दिसलं, की कचऱ्याचा डंपस्टर थेट आमच्या कुंपणाला लागून आहे आणि त्याच्या शेजारी जनरेटर.

सुनावणीत बिल्डरच्या बाजूने सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट, ट्रॅफिक इंजिनिअर आणि प्लॅनर असे एकामागून एक उभे राहिले. प्रत्येक साक्षीनंतर लोकांना फक्त प्रश्न विचारता येतात, मत मांडायचं ते सगळ्यात शेवटी. आमच्या मंडळींना हे काही केल्या जमेना. कोणी भाषण सुरू केलं, की अध्यक्षबाई म्हणायच्या, "यात प्रश्न कोणता?"

बहुतेकांचा सगळा जोर ट्रॅफिकवर होता. माझ्या मते तो वाया गेला. अशा ठिकाणचे बहुतेक रहिवासी गाडी चालवतच नाहीत, आणि नोकरवर्ग शिफ्टमध्ये येतो-जातो. ट्रॅफिक इंजिनिअरने हे आकड्यांनिशी शांतपणे मांडलं आणि हॉलमधली हवाच गेली. एकाने विचारलं, इथे नक्की कोण लोक राहायला येणार? बोर्डाच्या वकिलाने तिथेच थांबवलं: बोर्ड जमिनीचा वापर बघतं, माणसं नाही. किचनमध्ये शाकाहारी स्वयंपाक वेगळा होईल का, असं मला विचारायचं होतं. तो प्रश्न मी मुकाट्याने गिळला!

खरी मेख कायद्यात होती. काही वापर मुळातच लोकहिताचे मानले जातात. वेस्ट ऑरेंज गावच्या एका खटल्यात १९९० साली अपील कोर्टाने ज्येष्ठांच्या सामूहिक निवासाला त्यांत बसवलं होतं. म्हणजे इमारतीची गरज काय, हा वाद जवळजवळ संपलेलाच. उरतो तो १९९२ च्या सिका खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने घालून दिलेला हिशेब: लोकहित किती मोठं, त्रास किती, अटी घालून तो त्रास कमी होतो का, आणि शेवटी पारडं कुठे झुकतं. हे वाचल्यावर मी ठरवलं, आपण फक्त अटींवर बोलायचं. एरवीही माझा ठाम विरोध नव्हता. आई-बाबा दर उन्हाळ्यात येतात, त्यांची वयं मला दिसतात. शिवाय राज्याच्या कायद्याने नव्या असिस्टेड लिव्हिंगला दहा टक्के खाटा मेडिकेडवाल्यांसाठी (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या लोकांसाठी) ठेवाव्या लागतात, हेही मला पटणारं होतं.

म्हणून मी विचारलं: डंपस्टर पलीकडे नेता येईल का? कचऱ्याची गाडी किती वाजता येणार? जनरेटरची चाचणी कोणत्या दिवशी? कुंपणालगत मेपल दाखवलेत, मग थंडीत पानं गळल्यावर आडोसा कसला? शेवटच्या प्रश्नावर बोर्डातल्या एका सदस्याने नकाशा पुढे ओढला.

मंजुरी मिळाली, अटींसकट. मेपलच्या जागी सदाहरित झाडं, दिव्यांना शिल्ड, डंपस्टर पार्किंगच्या टोकाला, कचरा सकाळी सातच्या आधी उचलायचा नाही. तोंडी मतदानानंतर लेखी रेझोल्यूशन, म्हणजे ठराव, येतं. त्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत त्याविरुद्ध सुपीरियर कोर्टात जाता येतं. गल्लीत त्याची चर्चा झाली, पण वकिलाची फी ऐकून ती बंद पडली.

अजून काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, मंजुरी बाकी आहे. मी मात्र रेझोल्यूशनची प्रत आणून ठेवली आहे. उद्या गाडी पहाटे पाचला आली, तर झोनिंग ऑफिसरपुढे त्या अटीवर बोट ठेवता येईल.