पिल्लू झोपलं नव्हतं

एम.व्ही.एस्सी.च्या, म्हणजे पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, थिसिसला मला घ्रेलिन मिळालं. 1999 मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी उंदराच्या जठरात शोधलेलं हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाची छोटी साखळी. उंदराच्या मेंदूत टोचलं की तो खात सुटतो, म्हणून भुकेचं संप्रेरक हे नाव पडलं. कोंबडीच्या नवजात पिल्लात नेमकं उलटं होतं, हे 2001 मध्ये क्यूशू विद्यापीठातल्या फुरुसे यांच्या गटाने दाखवलं. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हाती पडेपर्यंत एप्रिल उजाडला. मराठवाड्यातला एप्रिल! पिल्लांना 30 अंश लागतात, बाहेर 42. ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीचा, बल्ब बाजूला ठेवून कूलर शोधत फिरले.

हॅचरीतून लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या जातीची एक दिवसाची नर पिल्लं आणली. पहिले दोन दिवस ती फारसं खात नाहीत, पोटात बलकाची शिदोरी उरलेली असते. शिवाय खाद्य मोजायला पिल्लू एकटं ठेवावं लागतं, आणि एकटं पडलं की ते ओरडून खोली डोक्यावर घेतं. म्हणून आधी सवय.

टोचणं सगळ्यात अवघड. कवटी पातळ असते, सुई हातानेच मेंदूच्या पोकळीत घालायची, 10 मायक्रोलिटर, त्यात इव्हान्स ब्लू हा निळा रंग, सुई नेमकी कुठे गेली ते नंतर कळावं म्हणून. पहिल्या आठवड्यात माझा रंग भलतीकडेच सापडायचा. शेवटी न्यूरोपेप्टाइड वाय हे भूक वाढवणारं पेप्टाइड देऊन पाहिलं. पिल्लं खाद्यावर तुटून पडली, तेव्हा कुठे हाताची खात्री पटली.

घ्रेलिनवाल्यांची वाटी दोन तासांनी जवळजवळ भरलेलीच. मी खूश. माझ्या गाइड मॅडमनी खाद्याच्या वजनांचा तक्ता बघून एवढंच विचारलं, "झोपली नव्हती कशावरून?"

झोपलेलं पिल्लूही खात नाहीच. उत्तर नव्हतं. सगळं पुन्हा, यावेळी व्हिडिओ लावून. दर पाच मिनिटांनी टिपायचं: उभं, चालतंय, बसलंय, डोळे मिटून मान टाकलीय. तुलनेसाठी नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेली पिल्लं खाऊन पेंगायला लागली. घ्रेलिनवाली येरझाऱ्या घालत चिवचिवत होती, वाटीवरून जायची पण चोच लावायची नाहीत. ताण आला की मेंदूत सुटणारं सीआरएफ हे पेप्टाइड यात मध्यस्थ असतं, हे वाचलेलं होतंच. आता ते समोर चालत होतं.

शेवटी प्रत्येकाचा मेंदू उघडून रंग तपासायचा. त्या कामाबद्दल आईला अजून सांगितलेलं नाही. सर्वात सुरेख आकडा दिलेल्या पिल्लात निळा रंग पोकळीबाहेर निघाला. तो आकडा काढून टाकला.