केस लिहा, पण एकदा मराठीतही लिहा

मेडिसिनच्या पोस्टिंगला आलेल्या एमबीबीएसच्या पोरांना मी एक काम देतोच. वॉर्डातला एक पेशंट घ्यायचा आणि त्याची गोष्ट पानभर साध्या मराठीत लिहून आणायची, ओळख पटेल असं काही टाकायचं नाही. पोरं म्हणतात सर लॉगबुक भरतोय की. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात एटकॉम आहे, म्हणजे वागणूक, नीती आणि संवाद शिकवणारा भाग, त्यात रिफ्लेक्शन, आपल्या अनुभवावरचा विचार, लिहायचं असतं, सगळं चांगलंय, पण बरेचदा ते सिनिअरच्या वहीतून उतरवलेलं असतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मराठी का, तर आमच्याकडची आजी सांगते "जीव घाबरा व्हस", केसशीटवर त्याचं लगेच पाल्पिटेशन, म्हणजे छातीतली धडधड, होतं, आणि आजी बिचारी दम लागतो म्हणून सांगत असते.

मागच्या हिवाळ्यात नंदुरबारच्या अक्राणीकडचा एक पावरा आदिवासी मुलगा अ‍ॅडमिट होता, सतरा वर्षांचा, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, हातपाय दुखून बेजार. एका मुलीने केस छान मांडली, हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन, ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, निदानाची रक्ततपासणी एचपीएलसी, नेहमीच्या गोळ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या, कुठेच चूक नाही. ट्रिगर, म्हणजे दुखणं कशाने उठतं ते, विचारले तर तेही पाठ, थंडी, पाणी कमी पडणं, इन्फेक्शन, अतिश्रम.

मग गोष्ट लिहायला बसली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. दुखायला लागलं तेव्हा हा होता कुठे, करत काय होता, हे विचारलंच नव्हतं! परत खाटेपाशी गेली, आईला मराठी जेमतेम, शेजारच्या पेशंटच्या भावाने पावरीतून समजावून सांगितलं. तेव्हा कळलं की दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातला गेलेले, हा पहाटे चारला थंडीत फडात, पाणी लांब म्हणून दुपारपर्यंत दोन घोट, आणि मुकादमाची गाडी रात्रीच आली म्हणून गोळ्या घरीच फळीवर राहिल्या. पाठ केलेले ट्रिगर त्या पोराच्या एका दिवसात सापडले.

डिस्चार्जच्या वेळी तिला "भरपूर पाणी प्या" एवढंच लिहवेना. गोळ्या हंगामभराच्या देऊन मोकळं होता येत नाही, हायड्रॉक्सीयुरियावर मधूनमधून पेशी मोजाव्या लागतात, नाहीतर पांढऱ्या पेशी, प्लेटलेट कधी खाली जातील कळत नाही. मग फडाजवळ रक्त कुठे तपासून मिळेल याचे फोन तिनेच केले, घरच्यांना बाटली सोबत ठेवायला सांगितलं, उशिरा फडात पाठवा म्हणून विनवलं. हे मी शिकवलं नव्हतं.

पानाच्या शेवटी तिने लिहिलं होतं की फॉलोअपला कधी येशील विचारलं तर तो तारीख सांगेना, आईकडे बघून म्हणाला होळीला, तेव्हा सगळे डोंगरात घरी येतात. कार्डावर तिने होळीच्या दुसऱ्या दिवसापासूनचा आठवडा लिहून दिला.